स्पेक्ट्रोवर कार्बन, फॉस्फरस, सल्फर वारंवार कमी येतात: रिकॅलिब्रेशन करण्याआधी काय तपासायचं

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. स्पेक्ट्रोवर, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, बाथच्या (भट्टीतल्या वितळलेल्या धातूच्या) सॅम्पलवर तीन स्पार्क मारले, मँगनीज, क्रोमियम, निकेल चार्जच्या (भट्टीत घातलेल्या मालाच्या) हिशोबाला धरून आले, पण कार्बन दोन-तीन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.०१ टक्का) खाली. फॉस्फरस आणि सल्फरही खाली. घटक आधीच माहीत असलेलं कंट्रोल सॅम्पल मारून पाहिलं तर तेही तसंच. केमिस्ट रिकॅलिब्रेशन करतो (ठाऊक सॅम्पलवरून यंत्राचे आकडे पुन्हा जुळवतो), आकडे जागेवर येतात, हीट टॅप होते, म्हणजे भट्टीतला त्या खेपेचा धातू ओतून घेतला जातो. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. नाशिकच्या सातपूर-अंबडपासून सिन्नरच्या मुसळगाव-माळेगावपर्यंत ज्या ज्या लॅबशी माझा संबंध येतो, तिथे पावसाळा सुरू झाला की हा विषय निघतोच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे तिघं एकत्र खाली आले असतील तर रिकॅलिब्रेशन हा उपाय नाही, त्याने दुखणं झाकलं जातं. पासंग लावून तराजूचा काटा मध्यावर आणता येतो, पण पारड्याला चिकटलेली घाण तिथेच राहते, आणि ती रोज वाढत असेल तर पासंगही रोज वाढवावा लागतो. म्हणून बटण दाबण्याआधी अर्धा तास शोधात घालवा. तो वाया जात नाही.

हेच तिघं का?

स्पार्क पडला की सॅम्पलच्या पृष्ठभागावरचे अणू उत्तेजित होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं. मँगनीजची नेहमी वापरली जाणारी रेषा २९३ नॅनोमीटरच्या आसपास, क्रोमियमची २६७ च्या आसपास. कार्बनची मात्र १९३.०९, सल्फरची १८०.७३ आणि फॉस्फरसची १७८.२८ नॅनोमीटरवर. २०० नॅनोमीटरच्या खालचा हा प्रकाश हवेतला ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ गिळून टाकतात. म्हणूनच ठिणगीपासून डिटेक्टरपर्यंतचा सगळा रस्ता आर्गॉनने भरलेला किंवा व्हॅक्यूममध्ये ठेवलेला असतो. त्या रस्त्यात कुठेही हवा, ओल किंवा काचेवरचा थर आला की आधी मार बसतो तो या तिघांना. मँगनीज-क्रोमियमला फारसा फरक पडत नाही, त्यामुळे वरवर पाहता मशीन ठणठणीत वाटतं.

ज्यांच्या मशीनवर नायट्रोजनचा चॅनेल आहे त्यांना हे आणखी आधी कळू शकतं, कारण ती रेषा १४९ नॅनोमीटरवर आहे, म्हणजे आणखी नाजूक. नायट्रोजन वेडावाकडा यायला लागला की दोन-चार दिवसांत फॉस्फरसचा नंबर लागणार असं समजून कामाला लागा.

उलट बाजूनेही हा नियम उपयोगी आहे. फक्त कार्बन खाली आणि फॉस्फरस-सल्फर जागेवर असतील, तर प्रकाशाचा रस्ता बहुधा स्वच्छ आहे, दोष सॅम्पलमध्ये शोधा. स्टीलबरोबर एसजी किंवा ग्रे आयर्नही (कास्ट आयर्नचे प्रकार) काढणाऱ्यांना हे नेहमी भेटतं. कास्ट आयर्नचं सॅम्पल तांब्याच्या साच्यात झटकन गोठून पांढरं निघालं पाहिजे. साचा गरम असेल, सॅम्पल जाड असेल तर आत ग्राफाइट सुटतो आणि स्पार्कला तो नीट मोजता येत नाही, कार्बन खोटा येतो. तिथे लेन्स पुसत बसून काही मिळणार नाही.

खोटा आकडा भट्टीवर काय करतो

समजा एक टनाच्या क्रूसिबलमध्ये डब्ल्यूसीबीची (ओतीव कार्बन स्टीलचा एक ग्रेड) हीट आहे. या ग्रेडला कार्बनची कमाल मर्यादा ०.३० टक्के. बाथमध्ये खरा कार्बन ०.२७ आहे आणि स्पेक्ट्रो ०.२४ दाखवतोय. मेल्टरला ०.२७ हवा आहे, तो तीन पॉइंटसाठी ३०० ग्रॅम कार्बन बसेल एवढा सीपीसी (कार्बन वाढवायला घालायचा पेट्रोलियम कोक) टाकतो. आता खरा आकडा ०.३०, अगदी काठावर. कास्टिंग फेटलिंग (घासून साफसफाई), हीट ट्रीटमेंट, मशीनिंग करून ग्राहकाकडे गेलं की त्याच्या लॅबमध्ये ०.३१ येतो आणि सगळा लॉट परत. तोवर मजुरी, वीज, गाडीभाडं सगळं लागून गेलेलं असतं.

तरीही कार्बन निदान हाताळता येतो. फॉस्फरस येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक इंडक्शन भट्ट्यांचं अस्तर सिलिकाच्या रॅमिंग मासचं, म्हणजे आम्लधर्मी, त्यात फॉस्फरस काढून टाकायला लागणारा चुनायुक्त स्लॅग चालवता येत नाही. स्क्रॅपमधून जेवढा आला तेवढा राहतो, हातात उरतो फक्त स्वच्छ स्क्रॅप घालून तो पातळ करण्याचा मार्ग. बिलेट काढणाऱ्यांनी आयएस १७८६ (बांधकामाच्या सळयांचं भारतीय मानक) डोळ्यांपुढे ठेवावं: त्यातल्या फे ५००डी ग्रेडला फॉस्फरस आणि सल्फर प्रत्येकी कमाल ०.०४० टक्के आणि दोन्ही मिळून ०.०७५. स्पेक्ट्रोने ०.०३६ दाखवला आणि खरा ०.०४३ असेल, तर हीट टॅप झाल्यावर करण्यासारखं काही राहत नाही. तिघांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी फॉस्फरसच्या खोट्या कमी आकड्याची वाटते, आणि लॅबमध्ये त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष असतं, कारण ‘कमी आला, बरंच झालं’ असं वाटतं.

आधी डाग पाहा

स्क्रीन बाजूला ठेवा आणि सॅम्पल उलटं करून स्पार्कचा डाग उजेडात धरा. चांगल्या डागाचा मधला भाग राखाडी, वितळून खडबडीत झालेला दिसतो आणि त्याभोवती काळं, ठळक वर्तुळ असतं. बिघडलेला डाग पांढुरका असतो. काळं वर्तुळ नसतं किंवा अर्धवट असतं, आणि मधोमध ग्राइंडिंगच्या रेघा जशाच्या तशा दिसतात, म्हणजे ठिणगीने धातू वितळवलाच नाही, नुसता वरवर खरचटला. कानालाही फरक कळतो. रोज मशीनवर बसणाऱ्याला चांगल्या स्पार्कचा एकसारखा आवाज पाठ असतो, तो बदलला की मान आपोआप वळते. सॉफ्टवेअरमध्ये लोखंडाच्या संदर्भ रेषेची तीव्रता दिसत असेल तर तीही पाहा. डाग पांढरा आणि लोखंडाची तीव्रता पडलेली, तर दोष ठिणगीच्या जागी आहे: आर्गॉन, स्टँड (सॅम्पल ठेवून स्पार्क पाडायची जागा), इलेक्ट्रोड किंवा सॅम्पल. डाग काळाभोर, लोखंड जागेवर आणि तरी तिघं खाली, तर दोष पुढच्या रस्त्यात आहे: लेन्स किंवा ऑप्टिक्सचा पर्ज (आतली हवा हाकलणारा आर्गॉनचा प्रवाह).

इथे शोधाचे दोन फाटे फुटतात आणि निम्मं काम इथेच होतं.

डाग पांढरा असेल तर: आर्गॉन

स्पेक्ट्रोला ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन लागतो, म्हणजे सगळी अशुद्धी मिळून दहा पीपीएम (दहा लाखांत दहा भाग). वेल्डिंगला चालणारा आर्गॉन इथे चालत नाही, मग सिलिंडर एकाच रंगाचे असले तरी. सिलिंडर बदलल्यावर दोष सुरू झाला असेल तर पहिला संशय सिलिंडरवर, आणि तपासणी सोपी आहे: बाकी काहीही न हलवता दुसऱ्या लॉटचा सिलिंडर लावा, लाइन नीट फ्लश करा आणि तेच सॅम्पल पुन्हा मारा. डाग सुधारला तर पहिला सिलिंडर चिठ्ठी लावून परत पाठवा. यासाठीच प्रत्येक सिलिंडरचा नंबर आणि लावल्याची तारीख लॉगबुकात हवी.

सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचा मोह आवरा. दाब खाली गेला की भिंतीला धरून बसलेली ओल सुटते आणि उरलेल्या गॅसमध्ये तिचं प्रमाण वाढतं. गेज साधारण १५-२० किलोवर आलं की बदला. नवा लावताना रेग्युलेटर जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातली धूळ आणि हवा उडवून द्या, मग जोडा, मग लाइन फ्लश करा. ही एवढीशी सवय नसल्यामुळे सिलिंडर बदलल्यानंतरचे पहिले दहा-वीस स्पार्क फुकट गेलेले मी खूप ठिकाणी पाहिले आहेत.

आता पाइप. पावसाळ्यातल्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं. सिलिंडर बाहेर शेडमध्ये, लॅब आत, मध्ये दहा-बारा मीटर प्लास्टिकची नळी. साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा कुठे नाही, म्हणून लाइन ठीक असा निष्कर्ष निघतो. पण साबणाचं पाणी फक्त बाहेर पडणारी गळती दाखवतं. प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीतून हवेतली ओल आत झिरपत असते, आतला दाब जास्त असला तरी, कारण आत पाण्याची वाफ जवळपास शून्य आणि बाहेर जुलैतली नाशिकची हवा. उन्हाळ्यात हीच नळी फार त्रास देत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. उपाय एकच: आतून स्वच्छ केलेली तांब्याची किंवा स्टेनलेसची नळी, कमीत कमी जोड, जोडांवर घट्ट फेरूल. खर्च एकदाच होतो. तोवर खात्री करून घ्यायची असेल तर सिलिंडर मशीनच्या शेजारी आणून धातूच्या छोट्या नळीने थेट जोडून पाहा. तेवढ्याने डाग काळा झाला तर पुरावा मिळाला, मालकाला दाखवायलाही उपयोगी पडतो.

गळती तपासायची दुसरी रीत म्हणजे मशीनकडचा प्रवाह बंद करून सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा आणि रेग्युलेटरचा काटा पाहत राहा. काटा उतरत गेला तर मधल्या कुठल्यातरी जोडावर काम आहे.

स्टँड आणि इलेक्ट्रोड

प्रत्येक स्पार्कबरोबर बारीक काळी पूड उडते आणि स्टँडमध्ये, एक्झॉस्टच्या नळीत साचते. एक्झॉस्ट चोंदला की आर्गॉनला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि डाग बिघडतो. बाटलीतून आर्गॉन बाहेर सोडायची रचना असेल तर बुडबुडे नेहमीच्या गतीने येतात का, हे बघणं क्षणाचं काम आहे. टंगस्टनचा इलेक्ट्रोड दर स्पार्कनंतर ब्रशने पुसायचा आणि अंतर गेजने तपासायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रश झिजून त्याची तार वाकडी झाली आहे आणि टोकाला घासतच नाही, याकडे मात्र कुणी पाहत नाही.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. एक्झॉस्ट फिल्टरमधली ती पूड हवेत आली की पेट घेऊ शकते. धातूचे इतके सूक्ष्म कण आर्गॉनमध्ये राहून ऑक्सिजनला भेटलेले नसतात. फिल्टर कागदांच्या ढिगाजवळ उघडू नका, कचऱ्याच्या डब्यात तसाच झटकू नका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच साफ करा. नवीन मुलाला हे काम देताना शेजारी उभं राहून दाखवा.

सॅम्पल

ठिणगी चांगली, मशीन चांगलं, पण तीन स्पार्कचे तीन आकडे असतील तर सॅम्पल बघा. छिद्र किंवा स्लॅगचा कण दिसला तर ते सॅम्पल टाकून दुसरं घ्या, तिथे घाई नको. स्टीलच्या सॅम्पलला चमच्यात थोडी ॲल्युमिनियमची तार घालून शांत केलं तर छिद्रं कमी होतात, फक्त मग त्या सॅम्पलवरचा ॲल्युमिनियमचा आकडा धरायचा नाही.

ग्राइंडिंगला कुठला बेल्ट लावला आहे हे विचारा. सिलिकॉन कार्बाइडचा असेल तर सिलिकॉन आणि कार्बन वर ढकलतो, ॲल्युमिनाचा असेल तर ॲल्युमिनियम, झिर्कोनियाचा असेल तर झिर्कोनियम. स्टेनलेस घासलेल्या बेल्टवर साधं कार्बन स्टील घासलं की क्रोमियम-निकेलचा अंश चढतो. घासून निळं पडलेलं सॅम्पल चालणार नाही, आणि घासलेल्या बाजूला बोट लागलं तर पुन्हा घासायचं, कारण हाताच्या तेलकटपणानेही कार्बन वर जातो. म्हणजे मशीन कार्बन कमी दाखवतंय आणि घाणेरडं सॅम्पल तो वाढवतंय, दोन्ही मिळून आकडा बरोबर दिसतोय, असंही होतं. अशी लॅब सगळ्यात अवघड, कारण तिथे एक दोष सुधारला की दुसरा उघडा पडतो आणि लोक म्हणतात, साफसफाई केल्यावरच बिघडलं.

डाग काळा आहे, तरी तिघं खाली

आता काळाचं गणित मांडा. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला आकडे खाली आणि दुपारपर्यंत आपोआप सुधारले, तर पर्ज कमी पडतोय. आर्गॉन वाचवायला सुट्टीत सिलिंडर बंद केला जातो, ऑप्टिक्समध्ये हवा आणि ओल शिरते, ती निघायला तास जातात. सुट्टीतही मंद प्रवाह चालू ठेवा. त्यात जाणारा गॅस एका फेल हीटच्या तुलनेत काहीच नाही. महावितरणची वीज रात्री गेली आणि मशीन बंद पडलं तरी हेच होतं: सुरू केल्या केल्या सॅम्पल मारू नका, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या.

थंडीचा मुद्दा नाशिककरांना वेगळा सांगायला हवा. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पत्र्याच्या शेडला लागून असलेली लॅब चांगलीच गार पडते. ऑप्टिक्सची पेटी ठरावीक तापमानाला धरलेली असते. खोली फार गार झाली की ते तापमान टिकत नाही आणि रेषा स्लिटवरून (प्रकाश आत घेणाऱ्या फटीवरून) किंचित सरकतात. तेव्हा फक्त तिघंच नाही, बाकीचेही थोडेथोडे हलतात. आधी खोलीचं तापमान स्थिर करा, मग प्रोफाइल, म्हणजे रेषा स्लिटवर नेमक्या बसतात का, ते तपासा.

आकडे दुपारीही सुधारत नाहीत, उलट आठवड्यागणिक हळूहळू घसरत जातात, तर लेन्स. स्टँड आणि ऑप्टिक्सच्या मधली ही काच दर स्पार्कला थोडी थोडी धुरकट होते. डोळ्यांना ती स्वच्छ दिसली तरी फसू नका, दृश्य प्रकाशाला पारदर्शक असलेला थर १७८ नॅनोमीटरला भिंत असू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड वापरा, हात लावू नका, आणि ज्या मशीनला ऑप्टिक्स बंद करायचा व्हॉल्व्ह आहे तो आधी बंद करा, विशेषतः व्हॅक्यूमच्या मशीनवर. परत बसवल्यावर ओ-रिंग नीट बसली का पाहा आणि पर्जला वेळ द्या. जुन्या व्हॅक्यूम मशीनवर पंपाच्या तेलाची वाफ आतून काचेवर बसते, तिथे लेन्सबरोबर पंपाचं तेलही पाहावं लागतं.

लेन्स साफ झाली, आकडे स्थिर झाले, की मग रिकॅलिब्रेशन. त्याची खरी वेळ ही. आणि ते करताना जुना-नवा सुधारणा गुणांक (मोजणी खऱ्या आकड्याशी जुळवायला ज्याने गुणलं जातं तो) लिहून ठेवा. फॉस्फरसचा गुणांक दर वेळी १ पासून थोडा थोडा दूर जाताना दिसला तर लेन्स धुरकट होतेय हे हीट फेल व्हायच्या आधीच कागदावर दिसतं. हा एक रकाना लॉगबुकात नसतो म्हणूनच हा दोष परत परत येतो, असं माझं ठाम मत आहे.

मशीनची चूक नसते तेव्हा

कधी कधी आकडा खरा असतो. सॅम्पल पुन्हा मारा, परत घासा, कंट्रोल मारा यात वेळ जातो आणि बाथ १६०० अंशांच्या वर तापत उभा राहतो. त्या तापमानाला बाथमधला कार्बन सिलिकाच्या अस्तराशी भिडतो, कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि सिलिकॉन बाथमध्ये उतरतो. दुसऱ्या सॅम्पलला कार्बन खाली आणि सिलिकॉन वर, फॉस्फरस-सल्फर मात्र जागेवर असेल तर मशीनला दोष देऊ नका. भट्टीची पॉवर कमी करा.

पॉवरचीच गोष्ट निघाली म्हणून: भट्टी पूर्ण लोडवर असतानाच आकडे उड्या मारत असतील आणि भट्टी थांबली की शांत होत असतील, तर स्पेक्ट्रोला स्वतंत्र अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज भट्टी चालू असताना मोजायला सांगा. बंद असताना मोजून काही कळणार नाही.

एवढं करूनही शंका उरली तर त्याच सॅम्पलचा चुरा ड्रिल करून कार्बन-सल्फर ज्वलनाने मोजणाऱ्या यंत्रावर पाठवा. ती पद्धत प्रकाशाच्या रस्त्यावर अवलंबून नाही, त्यामुळे तिची साक्ष स्वतंत्र आहे. जुनं, ज्वलनानेच मोजणारं स्ट्रोह्लाइन उपकरण लॅबच्या कोपऱ्यात असेल तर तेही कार्बनपुरतं चालेल, मोडीत काढू नका. हातात धरायची एक्स-रे गन मात्र इथे उपयोगाची नाही, तिला कार्बन दिसत नाही. स्क्रॅप यार्डात क्रोमियम, निकेल, तांबं वेगळं काढायला ती उत्तम. चुरा घेताना ड्रिल कोरडं ठेवा, तेल-कूलंट नको, वरचा थर टाकून द्या, आणि पाकिटावर हीट नंबराबरोबर स्पेक्ट्रोचा आकडाही लिहा, म्हणजे रिपोर्ट आला की फरक तिथल्या तिथे लागतो.